वजनकाट्याचा आकडा आणि आपली प्रकृती
(बीएमआय म्हणजे काय, तो कसा काढावा आणि कसा वाचावा)





राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. तेव्हापासून मुलांच्या आरोग्य तपासणीत उंची आणि वजन यांच्यासोबत 'बीएमआय' हा आकडाही येऊ लागला. तपासणी झाली की आठ-दहा दिवस पालक आमच्याकडे येत राहतात. कोणी म्हणतो, "सर, मुलाचा आकडा सोळा आला. मोबाईलवर पाहिले तर अठरापेक्षा कमी म्हणजे अशक्त. टॉनिक सुरू करू का?" कोणाला आकडा बावीस आला म्हणून आनंद असतो. नववी-दहावीच्या मुली आम्हाला काही विचारत नाहीत, पण आपसात आकडे ताडून पाहतात आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळचा नाष्टा सोडतात. एका आकड्यावरून घरात टॉनिकची बाटली येते किंवा ताटातली भाकरी कमी होते, तेव्हा तो आकडा नीट समजून घेणे हे अभ्यासाचे काम ठरते. म्हणून या अंकातील पाठ त्यावर.

नाव आणि सूत्र

बीएमआयला मराठीत 'शरीर वस्तुमान निर्देशांक' म्हणतात. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे वस्तुमानाला 'द्रव्यमान' म्हणत. शब्द कोणताही घ्या, अर्थ एकच: उंचीच्या मानाने शरीराचा भार किती आहे, ते सांगणारी संख्या. सूत्र सोपे आहे.

निर्देशांक = वजन (किलोग्रॅम) ÷ [उंची (मीटर) × उंची (मीटर)]

समजा, एका गृहस्थांचे वजन ६० किलो आणि उंची १६० सेंटिमीटर आहे. उंची मीटरमध्ये १.६०. १.६० × १.६० = २.५६. आता ६० ÷ २.५६ = २३.४. हा त्यांचा निर्देशांक. मुलांनी लक्षात ठेवावे की उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन भागले तर उत्तर भलतेच येते. आधी मीटर करा, मग वर्ग करा.

उंचीचा वर्ग का घ्यायचा, असे चौकस विद्यार्थी विचारतील. माणूस लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही दिशांनी सारखाच वाढत असता, तर वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढले असते. पण उंच माणूस त्याच प्रमाणात रुंद नसतो. बेल्जियममधील अदोल्फ केतले या खगोलशास्त्रज्ञ आणि गणितज्ञाने १८३० च्या दशकात पुष्कळ माणसांची मापे तपासली. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, असे त्याला आढळले. त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचे होते. कोण आजारी आणि कोण निरोगी हे ठरवण्यासाठी त्याने हे सूत्र केलेले नव्हते. पुढे १९७२ साली अमेरिकेतील अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे तपासून हेच सूत्र सोयीचे ठरवले आणि त्याला आजचे नाव दिले. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या, मुले नव्हती आणि भारतीयही नव्हते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

मोठ्या माणसांचे कोष्टक

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण कोष्टकाप्रमाणे प्रौढ व्यक्तीचा निर्देशांक १८.५ पेक्षा कमी असेल तर वजन कमी, १८.५ ते २४.९ असेल तर योग्य, २५ पासून पुढे जास्त आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा. मात्र आशियाई लोकांना कमी निर्देशांकावरही मधुमेह आणि हृदयरोग जडतात, असे दिसून आले. २००४ साली याच संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या पातळ्यांवर सावध व्हावे असे सांगितले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी अधिक कडक मर्यादा सुचवल्या: १८ ते २२.९ योग्य, २३ ते २४.९ जास्त वजन, २५ आणि पुढे लठ्ठपणा.

आता वरील गृहस्थांकडे पुन्हा पाहू. त्यांचा २३.४ हा आकडा पहिल्या कोष्टकात योग्य ठरतो आणि भारतीय मर्यादेप्रमाणे थोडा जास्त. माणूस तोच, वजन तेच, निकाल मात्र दोन. ही मर्यादा निसर्गाने आखलेली नसते. कोणत्या आकड्यापुढे आजारांचे प्रमाण वाढू लागते ते पाहून माणसे ती ठरवतात.

आपल्या देशाची स्थितीही दोन टोकांची आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रियांचा निर्देशांक १८.५ पेक्षा कमी, तर २४ टक्के स्त्रियांचा २५ किंवा अधिक होता. पुरुषांमध्ये हेच आकडे १६.२ आणि २२.९ टक्के होते. एकाच देशात, एकाच गल्लीत, कधी एकाच घरात कृशता आणि स्थूलता शेजारी बसलेल्या आहेत.

मुलांसाठी हे कोष्टक लावू नये

पालकांनी हा भाग दोनदा वाचावा. वर दिलेले कोष्टक प्रौढांचे आहे. मुलांना ते लागू पडत नाही. बाळ वर्षाचे होईपर्यंत गुटगुटीत होते, मग पाच-सहा वर्षांपर्यंत सडसडीत होत जाते आणि त्यानंतर पुन्हा भरू लागते. निर्देशांकही तसाच खाली जाऊन वर येतो. म्हणून मुलाचा आकडा त्याच्या वयाच्या आणि लिंगाच्या तक्त्यावरच पाहावा लागतो.

दोन उदाहरणे घेऊ. पाचवीतील दहा वर्षांचा एक मुलगा. उंची १३५ सेंटिमीटर, वजन ३० किलो. १.३५ चा वर्ग १.८२२५. निर्देशांक १६.५. प्रौढांच्या कोष्टकात तो अशक्त दिसेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलांचा मध्य १६.४ आहे. म्हणजे हा मुलगा अगदी मधोमध आहे. त्याला टॉनिकची काही गरज नाही.

आता त्याच वर्गातील, त्याच वयाचा आणि त्याच उंचीचा दुसरा मुलगा घ्या. वजन ४१ किलो. निर्देशांक २२.५. मोबाईलवर कोणी प्रौढांचे कोष्टक पाहिले तर "छान, योग्य वजन" असे वाटेल. दहा वर्षांच्या मुलांच्या तक्त्यात मात्र २१.४ च्या वर लठ्ठपणा मानतात. ज्याच्यासाठी काळजी नको तिथे काळजी आणि जिथे लक्ष द्यायला हवे तिथे समाधान, असा उलटा प्रकार चुकीच्या कोष्टकामुळे होतो.

मुलींसाठी एक उदाहरण. पंधरा वर्षांची मुलगी, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४५ किलो. निर्देशांक १९.५. त्या वयाच्या मुलींचा मध्य २०.२ असून १५.९ ते २३.५ एवढी योग्य मर्यादा आहे. या मुलीने जेवण कमी करण्याचे कोणतेही कारण नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षे वयाच्या भारतीय मुलामुलींसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांचे सहकारी अग्रभागी होते. प्रौढपणी २३ आणि २७ या आकड्यांपर्यंत नेणाऱ्या रेषा त्या तक्त्यांवर प्रत्येक वयासाठी आखलेल्या आहेत. आपले बालरोगतज्ज्ञ हे तक्ते वापरतात. मुलाला दवाखान्यात नेल्यावर "तक्त्यावर कुठे आहे ते दाखवा," असे पालकांनी निःसंकोच विचारावे.

पुण्याने जगाला शिकवलेला धडा

निर्देशांक काय सांगत नाही, हे समजून घेण्यासाठी फार दूर जायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही निर्देशांक २२.३. यंत्राने शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आकडा एकच, चरबी दुपटीहून अधिक. त्यांनी थोड्या विनोदाने असेही लिहिले की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठण्यासाठी धावणे. याज्ञिक यांचे जन्माच्या वेळचे वजन कमी होते, हेही त्यात नमूद आहे. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते.

यामागे मोठा अभ्यास होता. डॉ. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील पूर्ण दिवसांच्या ६३१ बाळांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी केली आणि ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होतीच. त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयवही लहान होते. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबीयुक्त, अशी ही ठेवण. आईच्या पोटात पोषण अपुरे मिळाले तर बाळाचे शरीर आधी मेंदू जपते, चरबीही राखते आणि स्नायूंवर काटकसर करते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. अशा मुलाला पुढे खाणे भरपूर आणि कष्ट कमी असे आयुष्य लाभले, की पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो.

नववीतल्या मुलीच्या नाष्ट्याची आम्हाला एवढी चिंता का वाटते, ते आता लक्षात येईल. आज तिच्या ताटात जे पडते त्याचा परिणाम तिच्यावर तर होतोच, पण आणखी काही वर्षांनी तिच्या पोटी जन्मणाऱ्या बाळावरही होतो. एका पिढीची उपासमार दुसऱ्या पिढीच्या मधुमेहात दिसू शकते.

याच्या उलट, तालमीतला मल्ल घ्या. त्याचा निर्देशांक २८ आला तरी तो स्नायूंचा भार असू शकतो. बाजारात दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाचेही तसेच. सूत्राला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. गरोदर स्त्रीला ते लावत नाहीत, आणि वयामुळे वाकलेल्या, उंची घटलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीतही ते जपून वाचावे लागते.

मधुकरी पाच घरची

आपल्या गावात दुपारी बारानंतर दत्तभक्त मधुकरीला निघतात. झोळी एका घरी भरून घेण्याची रीत नाही. किमान पाच घरी मागावे, प्रत्येक घरचे थोडे घ्यावे, मग त्याचा प्रसाद होतो. मुलाच्या प्रकृतीचा निर्णयही असाच पाच घरी विचारून करावा.

पहिले घर निर्देशांकाचे. तो स्वस्त आहे, सोपा आहे, काटा आणि पट्टी एवढ्यावर निघतो. शेकडो मुलांतून कोणाकडे अधिक लक्ष द्यावे ते तो चटकन दाखवतो. म्हणून तो टाकून द्यायचा नाही.

दुसरे घर कमरेचे. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कमरेची मर्यादा मानतात. घरी करण्यासारखा सुतळीचा एक प्रयोग आहे. आपल्या उंचीएवढी सुतळी कापा, मधोमध दुमडा आणि ती दुहेरी सुतळी पोटाभोवती आणा. टोके जुळली तर ठीक. मध्ये फट राहिली तर कमर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे असे समजावे. हा प्रयोग मुलांनी घरातल्या मोठ्यांवर जरूर करावा!

तिसरे घर वाढीच्या नोंदीचे. एका वर्षीच्या आकड्यापेक्षा तीन वर्षांची रेषा अधिक बोलते. उंची थांबली आणि वजन वाढत राहिले, किंवा वजन वर्षभर तसूभरही हलले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

चौथे घर रक्ताचे. योग्य वजनाच्या मुलीलाही पंडुरोग असू शकतो, आणि काट्याला तो दिसत नाही. आठवड्याची निळी लोहगोळी आणि १० फेब्रुवारी व १० ऑगस्टची जंतनाशक गोळी यासाठीच असते. कृपया ती टाळू नये.

पाचवे घर दिनक्रमाचे. मूल काय खाते, किती खेळते, किती झोपते? ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज किमान ६० मिनिटे घाम येईल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्याच एका शाखेने नेमलेल्या, अनेक देशांच्या तज्ज्ञांच्या आयोगाने हेच सांगितले: केवळ बीएमआयवरून लठ्ठपणाचे निदान करू नये, कमरेचे माप किंवा चरबीचे मापन आणि प्रकृतीची लक्षणे सोबत पाहावीत.

माप घ्यावे कसे

उंची मोजताना पायांत काही नको. टाचा, पाठ आणि डोके भिंतीला टेकलेले, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवे धरून खूण करावी. मुलींच्या वेण्यांचा अंबाडा सोडून घ्यावा. वजनासाठी काटा सपाट फरशीवर हवा, खिसे रिकामे हवेत. उंचीचा वर्ग होतो म्हणून उंचीतील चूक दुप्पट होऊन उतरते. ४५ किलोच्या मुलाची उंची १५० सेंटिमीटर धरली तर निर्देशांक २०.०, आणि बूट घालून १५३ भरली तर १९.२. तीन सेंटिमीटरच्या टाचेने एवढा फरक पडतो.

आपल्या शाळेत मोजणी पडद्याआड, एकेका मुलाची होते. आकडा मोठ्याने पुकारला जात नाही. तो वयाच्या तक्त्यासह पालकांच्या हाती दिला जातो. वर्गात कोणी कोणाला 'ढोल्या' किंवा 'काडी पहिलवान' म्हटलेले आम्हाला चालणार नाही. अंगावरून ठेवलेले नाव मूल जन्मभर विसरत नाही, आणि त्या नावाने कोणाचे वजन कमीही होत नाही.

ताट आणि मैदान

आपल्या भागाचे अन्न मुळात उत्तम आहे. ज्वारीची भाकरी, कलबुर्गीची तूरडाळ, शेंगाचटणी, पालेभाजी, ताक. हे ताट रोज मिळाले तर वेगळ्या पावडरींची गरज नाही. अडचण आहे ती पाच रुपयांच्या पुडीची आणि चहात बुडवलेल्या बिस्किटांची. पोट भरते, पोषण होत नाही. यात्रेकरूंच्या गर्दीमुळे पेढे आणि भजी गावात बारमाही मिळतात. प्रसाद प्रसादाएवढाच घ्यावा. डिसेंबर २०२१ पासून बिदर, कलबुर्गी, रायचूर, यादगीर आदी जिल्ह्यांत शाळेच्या जेवणात अंडे आणि न खाणाऱ्यांसाठी केळे देण्यास सुरुवात झाली, ती या भागातील कुपोषण आणि पंडुरोग पाहूनच. ज्याच्या घरी जे चालते ते मुलाने घ्यावे, पण नुसता भात खाऊन उठू नये.

आता विश्वस्त मंडळींना एक विनंती. पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला आपल्या मैदानावर भाविकांची वाहने लागतात. त्या उत्पन्नातून शाळेचे वीजबिल आणि डागडुजी भागते, हे आम्ही जाणतो. परंतु गर्दी ओसरल्यावरही चाकोऱ्या, काचा आणि कचरा यांमुळे पुढचे तीन-चार दिवस खेळ बंद राहतो. निदान अर्धे मैदान दोरी बांधून कायमचे मुलांसाठी राखावे आणि भिंतीवरची एक उंचीपट्टी व एक चांगला इलेक्ट्रॉनिक काटा शाळेला द्यावा. मुलांना रोज तासभर खेळा असे शिकवायचे आणि खेळायला जागा द्यायची नाही, हे आपल्या संस्थेला शोभणारे नाही. वीजबिलाचा मार्ग आपण सर्व मिळून काढू. पालकसभेत त्यावर अवश्य बोलावे.

स्वाध्याय

१. १६५ सेंटिमीटर उंचीच्या प्रौढ व्यक्तीचा निर्देशांक १८.५ ते २२.९ राहण्यासाठी वजन किती ते किती असावे? (उत्तर: सुमारे ५०.४ ते ६२.३ किलो)

२. दोन व्यक्तींचा निर्देशांक सारखा असूनही प्रकृती वेगळी असू शकते. पुण्याच्या उदाहरणाच्या आधारे पाच ओळींत लिहा.

३. सुतळीचा प्रयोग घरातील तीन मोठ्या व्यक्तींवर करा. नावे न लिहिता फक्त 'टोके जुळली' किंवा 'जुळली नाहीत' एवढेच वहीत नोंदवा.

४. आठ दिवस आपण काय खाल्ले आणि किती वेळ खेळलो याची नोंद ठेवा. त्यात कोणता एक बदल करता येईल ते स्वतः ठरवा.

पुढील मोजणी दसऱ्याच्या सुट्टीनंतर होईल. त्या दिवशी मुलांना रिकाम्या पोटी पाठवू नये. नाष्टा केल्याने जे काही ग्रॅम वाढतील, ते आम्हाला आनंदाने चालतील.